पंधरा दातांचं चाक

सरांच्या गाडीचा काटा साठवर होता, तरी गादीची वळकटी बांधलेली एक मोपेड त्यांना ओलांडून पुढे गेली. मोपेडवाल्याने जाता जाता हातही केला.

“साठला मोपेड मागे टाकते?” सर म्हणाले.

“गादी हलकी असेल,” शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या काकू, म्हणाल्या.

सर गणिताचे निवृत्त शिक्षक. गाडी लाल, दोघांपुरती, उघड्या टपाची आणि सरांहून थोडीच लहान. रविवारी जुन्या गाड्यांच्या मंडळाची फेरी होती. एकशेवीस किलोमीटर, ताशी साठच्या वेगाने, बरोबर दोन तासांत. गेल्या वर्षी सर काटा साठवरून जराही न हलवता पोचले, तेव्हा मंडळी खुर्च्या घड्या करून टेम्पोत चढवत होती. यंदा खुर्च्या मांडलेल्या असताना पोचायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

चूक शोधायची तर आधी मोजायचं, हे त्यांनी जन्मभर मुलांना शिकवलं होतं. त्यांनी काकूंच्या हाती घड्याळ दिलं आणि रस्त्याकडेच्या दोन किलोमीटर-दगडांमधला वेळ मोजायला लावला.

“ऐंशी सेकंद,” काकू म्हणाल्या.

“साठ हवेत. म्हणजे आपण पंचेचाळीसने चाललोय.”

“बरंय की. आजूबाजूचं दिसतं तरी.”

“मिस्त्रीकडे नेतो.”

“त्याला कशाला त्रास?” काकू घाईने म्हणाल्या. “तुम्हीच बघा ना.”

सरांनी बघितलं. टायरमध्ये हवा भरली. गाडी उसळायला लागली, पण सेकंद ऐंशीच राहिले. मग काट्याची केबल कोरडी पडली असेल म्हणून त्यांनी तिच्यात सढळ हाताने तेल ओतलं. तेल केबलवाटे डायलमध्ये शिरलं आणि काटा एकशेदहावर जाऊन चिकटला.

“अहो, गाडी बंद आहे ना?” काकूंनी डोकावून विचारलं. “मग एकशेदहाने निघालात कुठे?”

आता मिस्त्रीकडे जाण्यावाचून पर्याय नव्हता. काकूही बरोबर गेल्या. मिस्त्री सरांचाच विद्यार्थी, पण केस सरांपेक्षा पांढरे. त्याने डायल पुसला, काटा सोडवला आणि नाइलाजाने गिअरबॉक्समधून एक चिमुकलं दातेरी चाक बाहेर काढलं.

“काटा यानेच फिरतो, सर. वीस दात लागतात.”

सरांनी दात मोजले. पंधरा भरले. चाक उलटं धरून पुन्हा मोजले, तरी पंधराच.

“दात कमी, म्हणजे चाक जास्त वेळा फिरणार. पंचेचाळीसचे साठ दिसणार,” सर खुशीत म्हणाले. उत्तर बरोबर आलं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं. “पण हे बसवलं कुणी?”

मिस्त्री हात पुसत काकूंकडे बघू लागला. काकू भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या.

“मीच, नऊ वर्षांपूर्वी,” मिस्त्री अखेर म्हणाला. “काकू म्हणाल्या, यांना साठ दिसायला हवेत आणि मला पंचेचाळीसच हवेत. हिशोब सोपा होता. अपूर्णांक तुम्हीच शिकवलेत.”

रागवावं की पाठ थोपटावी, हे सरांना ठरवता येईना.

“मला विचारायचं तरी,” ते काकूंना म्हणाले.

“विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात?”

वीस दातांचं चाक बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सर एकटेच खरे साठ अनुभवायला निघाले. पहिल्या किलोमीटरला टोपी उडाली. दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिसरा किलोमीटर त्यांनी केला नाही. गाडी वळवून ते सावकाश मिस्त्रीच्या दारात आले.

“ते पंधरावालं चाक टाकलंस का रे?”

मिस्त्रीने खिशातून कागदाची पुडी काढली. “काकू म्हणाल्या, जवळच ठेव. सकाळी येतील मागायला.”

रविवारी काटा साठवरून जराही हलला नाही. सर पोचले तेव्हा मंडळी शेवटची खुर्ची टेम्पोत चढवत होती. काकू उतरल्या. डिकीतून त्यांनी घरून आणलेल्या दोन घडीच्या खुर्च्या काढल्या आणि झाडाखाली मांडल्या.

“बसा,” त्या म्हणाल्या. “साठने आलात, दमला असाल.”