बत्तीसची कूप आणि बंडखोरीचं प्रमाणपत्र

स्वतःच्या मालकीच्या घरात, स्वतःच्या मालकीच्या गॅरेजात, स्वतःच्या हातांनी मोटार बांधणे हा मिल्टन बेंड गावात गुन्हा नाही. लाइल हॅवरकॅम्पला तीन वेगवेगळ्या कार्यालयांनी तसं लेखी कळवलं होतं. तिन्ही पत्रांत पुढची ओळ 'तथापि' या शब्दाने सुरू होत होती.

लाइलचं वय एकाहत्तर. चौतीस वर्षं त्याने गावच्या हायस्कुलात मुलांना धातुकाम शिकवलं. पुढे शाळेच्या लक्षात आलं की धातुकामात धातू असतो आणि तो गरम होतो. वर्ग बंद झाला. आता तिथे मुलं पडद्यावर हत्यारांची चित्रं ओळखतात आणि एकाही मुलाचं बोट कापत नाही, याबद्दल शाळेला ढालही मिळाली आहे.

लाइलचा थोरला भाऊ वेंडेल त्र्याऐंशीचा. एकोणसाठ साली त्याच्याकडे एक कूप मोटार होती. त्या काळी कॅन्ससच्या गव्हाच्या पट्ट्यातली पोरं करायची तेच त्याने केलं होतं. बत्तीस सालची दोन दारांची फोर्ड भंगारातून उचलली, मडगार्डं उतरवली, छप्पर कापून ठेंगणं केलं, आत मिळेल ते दांडगं इंजिन कोंबलं आणि गावच्या पोलिसाला दोन वर्षं धूळ चारली. मग तो लष्करात गेला. परत आला तेव्हा आईने कूप भंगारवाल्याला देऊन टाकली होती आणि त्या जागी भेंडी लावली होती. वेंडेलने ती भेंडी जन्मात खाल्ली नाही.

आता तो गावाबाहेरच्या 'गोल्डन प्लेन्स' वृद्धाश्रमात असतो. डोळे जवळजवळ गेले आहेत. तीन वर्षांपूर्वी लाइल त्याला भेटायला गेला तेव्हा तो म्हणाला, "लाइल्या, ते इंजिन कसं वाजायचं ते मी रोज आठवायला बघतो. काल आठवलंच नाही."

लाइल घरी आला आणि दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन नदीवर गेला.

नदीचा काठ ढासळू नये म्हणून जुन्या शेतकऱ्यांनी तिथे मोडक्या गाड्या पुरून ठेवल्या आहेत. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या काठात बत्तीसच्या कूपचा सांगाडा निघाला. गंजलेला, चिखलाने भरलेला, आणि डाव्या दाराला बंदुकीच्या गोळ्यांची चार भोकं. धान्याच्या एका जुन्या ट्रकमधून त्रेपन्न सालचं आठ सिलिंडरचं इंजिन मिळालं. लाइलने छप्पर कापलं, पण डावा खांब बोटभर लांब राहिला, म्हणून पुन्हा कापलं. उन्हाळे गेले, हिवाळे गेले. त्याची बायको नदीन कॉफी घेऊन गॅरेजात यायची आणि दारातच उभी राहायची.

"जेवणाचं टेबल घासून दे म्हणून मी अकरा वर्षं सांगतेय," ती एकदा म्हणाली.

"टेबल कुठे पळतं?" लाइल म्हणाला.

"तुझी ही तरी कुठे पळतेय?"

पहिलं पत्र वसाहतीच्या समितीचं आलं. नियम एकोणीसनुसार, नंबरप्लेट नसलेलं वाहन हे वाहन नसून कचरा होय. आणि कचरा गुरुवारी सकाळी सातच्या आत फाटकाबाहेर ठेवणे बंधनकारक आहे. लाइलने फोन केला. समितीची बाई अतिशय गोड बोलली. "आमचं गाडीशी काही वैर नाही हो. तुम्ही तिला प्लेट लावा, की ती आपोआप गाडी होईल."

लाइल वाहन कार्यालयात गेला. खिडकीमागे ट्रेडवे नावाच्या बाई होत्या.

"गाडी कोणत्या सालची?"

"सांगाडा बत्तीसचा, इंजिन त्रेपन्नचं, मागचा आस अठ्ठेचाळीसचा, ब्रेक गेल्या वर्षीचे."

ट्रेडवेबाईंनी पेन खाली ठेवलं. "सर, एक साल सांगा."

"मग बत्तीस लिहा."

"ब्रेक गेल्या वर्षीचे आहेत ना? आमच्याकडे गाडीचं वय सगळ्यात तरुण भागावरून धरतात. म्हणजे गाडी गेल्या वर्षीची झाली. मग तिला हवेच्या पिशव्या, मागे बघायचा कॅमेरा आणि पट्टा न लावल्यास वाजणारी घंटा लागेल."

"अहो मॅडम, तिला मागची काचसुद्धा पाटीएवढी आहे!"

"मग ब्रेक काढून टाका," ट्रेडवेबाई शांतपणे म्हणाल्या. "ब्रेक नसले तर ती इंजिनाच्या वयाची, त्रेपन्नची होईल. पण ब्रेक नसले तर तपासणीत नापास होईल." त्यांनी मान वाकडी करून थोडा विचार केला. त्या मनाने वाईट नव्हत्या. "एक वाट आहे. मान्यताप्राप्त क्लबने ही गाडी 'परंपरागत' असल्याचा दाखला दिला, तर वयाचा रकाना रिकामा सोडता येतो."

मान्यताप्राप्त क्लब गावात एकच होता: 'मिल्टन बेंड परंपरागत हॉट रॉड मंडळ'. त्याचे अध्यक्ष डॉक्टर ड्वेन प्रूइट. चाळीस वर्षं त्यांनी गावाचे दात काढले होते. त्यांची स्वतःची कूप एका नामांकित कारखान्यात तयार होऊन बंद ट्रकमधून घरपोच आली होती, आणि तिचं बॉनेट कसं उघडतं हे अजून त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं. पण सभेला येताना ते नखांत काळं ग्रीस भरून येत. ग्रीसची डबी त्यांच्या दवाखान्याच्या कपाटात असे.

मंडळाची नियमावली एकशे बारा पानांची होती. तिचं पहिलं वाक्य असं: 'हॉट रॉड म्हणजे कोणाचाही नियम न जुमानणाऱ्या तरुणांनी हाती लागेल त्या वस्तूतून घडवलेली गाडी.' त्याखाली हाती कोणत्या वस्तू लागाव्यात याची यादी सुरू होत होती.

मंडळाचे पाच जण लाइलच्या गॅरेजात आले. पाचांच्याही अंगात एकसारखी चामडी जाकिटं होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं. प्रूइटांनी दाराच्या जोडावरून भिंग फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"लाइल, हे वेल्डिंग फार सरळ आहे रे बाबा."

"मग?"

"त्या काळातली पोरं इतकं सरळ करत नव्हती."

"मी चौतीस वर्षं हेच शिकवलंय, डॉक्टर."

"तेच तर दिसतंय ना! शिकलेला हात दिसतो. शिकणं परंपरेत बसत नाही."

गंज उपसमितीच्या प्रमुख लॉर्ना बेक यांनी सांगाड्याला बोट लावून बघितलं. "हा गंज नदीतला वाटतो."

"नदीतलाच आहे."

"छटा चुकलीय. आमच्या मान्य छटा तीन. माझ्याकडे बाटलीतून फवारायचा मिळतो, सभासदांना लगेच देते." मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. "आणि ही भोकं कोणत्या सालची?"

"मला काय ठाऊक? मारणाऱ्याने तारीख लिहून नाही ठेवली."

"आमची परंपरा पासष्ट सालापर्यंतच. त्यानंतरची असली तर बुजवावी लागतील," लॉर्नाबाई म्हणाल्या. "आणि शेजारी नवी पाडावी लागतील. पासष्टआधीची."

नदीनला हसू आवरेना. ती कॉफीचा ट्रे घेऊन आत निघून गेली.

लाइलने दोन दिवस गाडीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मुखवटा चढवून त्याने स्वतःचं वेल्डिंग घासून काढलं आणि त्या जागी वाईट वेल्डिंग केलं. ते सोपं गेलं नाही. हात आपोआप सरळ जाई. त्याला मुद्दाम धक्का द्यावा लागे. ज्या गाठी आणि जी भोकं बघून त्याने मुलांचे तुकडे परत केले होते, त्याच गाठी आता तो एकेक करून ओतत होता. त्या रात्री तो जेवायला बसला. नदीनने त्याच्या ताटात बटाट्याचा दुसरा डाव वाढला.

वर्गणी भरून तो मंडळाचा सभासद झाला आणि दाखला मिळाला. 'शंभर टक्के परंपरागत' असं त्यावर सोनेरी अक्षरांत होतं. लाइल तो घेऊन ट्रेडवेबाईंकडे गेला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मनापासून अभिनंदन केलं.

"शंभर टक्के! असं फार क्वचित येतं. मग हिला वारसा प्लेट मिळेल."

"म्हणजे चालवता येईल ना?"

"प्रदर्शनाला नेता येईल आणि प्रदर्शनातून घरी आणता येईल. इतर प्रयोजनासाठी नाही. इतकी मौल्यवान वस्तू रस्त्यावर कशी सोडणार?"

"मॅडम, मला माझ्या भावाला फेरी मारून आणायचीय. बस. दुसरं काही नाही."

"तुमचा भाऊ प्रदर्शन आहे का?"

लाइलने तिथूनच वृद्धाश्रमात फोन लावला. तिथल्या मनोरंजन विभागाच्या ट्रिशाबाईंना कल्पना बेहद्द आवडली. आश्रमाच्या पार्किंगमध्ये प्रदर्शन! केक ठेवू. डॉक्टर प्रूइटांना भाषणाला बोलावू. अटी मामुली होत्या. गाडीभोवती दोरी हवी. कोणी हात लावायचा नाही. आणि वृद्धांना त्रास होईल म्हणून इंजिन सुरू करायचं नाही.

"त्याला दिसत नाही हो," लाइल म्हणाला. "त्याला आवाजच ऐकायचाय."

"आम्ही माहितीपत्रक ठळक अक्षरात छापू," ट्रिशाबाईंनी आश्वासन दिलं.

रविवारी गाडी पार्किंगमध्ये आली तेव्हा आजी-आजोबा अजून आत नाश्ता करत होते. इंजिन बंद झाल्यावर त्यांना बाहेर आणून खुर्च्यांवर बसवलं. वेंडेलची चाकाची खुर्ची तिसऱ्या रांगेत आली, कारण आडनावं अक्षरक्रमाने लावली होती. गावातलेही साठ-सत्तर जण जमले होते. प्रूइटांनी ध्वनिक्षेपकावरून बंडखोरीचा इतिहास सांगायला सुरुवात केली. लाइल भावाच्या खुर्चीशी जाऊन वाकला.

"लाइल्या, आणलीस का?"

"आणली."

"कुठाय?"

"तुझ्यापुढे, पंधरा-वीस फुटांवर."

वेंडेलने कान टवकारले. "मला तर नुसता दातवाला ऐकू येतोय. चालू कर की."

"परवानगी नाही."

"हात लावू?"

"तेही नाही."

म्हातारा म्हणाला, "म्हणजे तू एक गाडी बांधलीस, जी चालत नाही, वाजत नाही, आणि हाताला लागत नाही. अरे गाढवा, अशी तर माझ्याकडे साठ वर्षांपासून आहे!"

लाइल सरळ झाला. आयुष्यात त्याने एकही अर्ज उशिरा दिला नव्हता. त्याने खुर्चीचा ब्रेक काढला, दोन रांगांमधून खुर्ची ढकलत नेली, खिशातला चाकू काढला आणि दोरी कापली.

"लाइल!" प्रूइट ध्वनिक्षेपकातच ओरडले. "नियम सत्तेचाळीस!"

लाइलने भावाला काखेत धरून उचललं आणि आत बसवलं. वेंडेलचे हात लगेच दारावर, खिडकीच्या कडेवर, छताच्या बुटक्या कमानीवर फिरू लागले. मग इंजिन सुरू झालं. पहिल्या दणक्याला केकच्या टेबलावरचे कागदी पेले उडाले. वेंडेलने तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. जमलेल्या लोकांनी टाळ्या पिटल्या, कोणी शिट्टी मारली, सगळ्यांनी फोन वर धरले. कूप फाटकातून बाहेर पडली आणि नदीच्या रस्त्याला लागली.

अकरा मैल. दोन्ही बाजूंना कापणीला आलेला गहू आणि आत पेट्रोलचा वास. पुलाजवळ लाइलने वेग कमी केला तेव्हा वेंडेलने दाराच्या जोडावर बोट ठेवलं.

"हे कुठल्या मूर्खाने केलंय?"

"मी."

"तू?"

"तसंच हवं होतं त्यांना. मुद्दाम केलं."

वेंडेलने चेहरा खिडकीबाहेर वाऱ्यात काढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाऱ्याने असेल. "पुन्हा नीट कर," तो म्हणाला. "आणि आता जरा दाब की. पोलीस अजून आला नाही का?"

पोलीस परतीच्या वाटेवर आला. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकोणतीस जणांनी जबाबदार नागरिक म्हणून तक्रार नोंदवली होती, पुराव्यादाखल चित्रफितीसह. वारसा प्लेट रद्द झाली. प्लेट गेल्यामुळे कूप पुन्हा कचरा झाली. वेंडेलला साठ दिवस आश्रमाबाहेर पडायला बंदी झाली. तो आश्रमाबाहेर वर्षातून दोनदा पडायचा, त्यामुळे त्याने ही शिक्षा धीराने सोसली.

मंडळाने तातडीची सभा घेतली. लाइलचं सभासदत्व एकमताने रद्द झालं आणि त्याच ठरावात त्याच्या कृत्याला 'साठ वर्षांतलं सर्वात परंपरागत कृत्य' म्हणून गौरवण्यात आलं. आता दर जून महिन्यात 'हॅवरकॅम्प बंडखोर फेरी' निघते. पुढे पोलिसांची गाडी, मागे रुग्णवाहिका, वेग ताशी वीस मैल. लाइलला तिच्यात भाग घेता येत नाही, कारण त्याच्या गाडीला प्लेट नाही.

त्याने दाराचं वेल्डिंग पुन्हा सरळ केलं. रविवारी दुपारी तो गॅरेजचं दार लावून, मागची खिडकी उघडी टाकून इंजिन सुरू करतो आणि फोन गाडीच्या धुराच्या नळीपाशी धरतो. पलीकडून वेंडेल ओरडतो, "हां! हां!" पाच मिनिटांनी दोघेही फोन ठेवतात.

ती चित्रफीत मात्र देशभर फिरली. लाइलला पत्रं आली, शेकड्यांनी. शिक्षकांची, कारकुनांची, बँकेतल्या साहेबांची. सगळ्यांचा मजकूर एकच: डोळे भरून आले, आम्हालाही आयुष्यात एकदा असंच काहीतरी करायचं आहे. सुरुवातीला लाइल प्रत्येकाला एका ओळीचं उत्तर पाठवायचा: 'मग करा.' कोणाचंही पुन्हा पत्र आलं नाही. फक्त एका सज्जनाने उलट टपाली विचारलं, त्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा?

लाइल हसला आणि त्याने ते पत्र चुलीत टाकलं. तुम्हीही हसलात. पण तसा अर्ज आता खरोखर निघाला आहे. वाहन कार्यालयात तिसऱ्या खिडकीवर दोन प्रतींत भरून द्यावा लागतो. जायचं असेल तर लवकर जा. हसणारे सगळे तुमच्याआधीच रांगेत उभे आहेत.