गिरणी चालू असेपर्यंत होडी

भाग्यश्रीच्या घरात हातोडी उचलायची ती फक्त शेजारची भातगिरणी चालू असताना, असा नियमच होता.

कडावमधल्या त्या घराची आणि गोमाच्या गिरणीची भिंत एक. पट्टा फिरू लागला की भिंत गुरगुरायची, सहा महिन्यांचा बाळू झोपायचा, आणि त्या आवाजात हातोडी ऐकू जाणार नाही म्हणून भाग्यश्री आणि तिची लेक अपेक्षा होडी ठोकायला बसायच्या. गिरणी थांबली की बाळू जागा, होडी खाटेखाली.

होडी आंब्याच्या पेटीच्या फळ्यांची, हातभर लांब. शीड निळ्या ओढणीचं. कालव्याला पाणी सुटेल त्या दिवशी ती सोडायची, असं आईने कबूल केलं होतं. भाऊ आल्यापासून आईची प्रत्येक कबुली ‘बाळू झोपला की’वर जाऊन बसायची. ही एक तरी तिथे जाऊ नये, एवढंच अपेक्षाला हवं होतं.

पाणी रविवारी सुटणार असं कळलं आणि नेमकी गिरणी गप्प झाली. नवा भात घरात आलेला, पण तो लगेच कोण भरडणार? नवा तांदूळ शिजला की गोळा होतो.

अपेक्षा समोरच्या सोनुबाईंकडे गेली. “आजी, थोडा भात भरडायला काढ ना. आमची होडी अडलीय.”

सोनुबाईंना गंमत वाटली. त्यांनी एक पोतं काढलं. ते पाहून शेजारणीला वाटलं, गिरणी बंद होणार असेल. तिनं दोन काढली. संध्याकाळपर्यंत गोमाच्या दारात पोत्यांची रांग लागली. आठवडाभर भिंत गुरगुरत राहिली, बाळू झोपत राहिला, होडीला डोलकाठी आली, सुकाणू आलं. आळीत घरोघर भाताचा गोळा झाला. भाग्यश्रीच्या नवऱ्यानं, मनोजनं, कारखान्यातून येऊन डबा पुढे ठेवला आणि शांतपणे विचारलं, “उद्यापास्नं चमच्याऐवजी सुरी देशील का गं?”

रविवारी सगळी आळी कालव्यावर लोटली. पाणी आलं तसा कल्ला झाला. बाळू आईच्या खांद्यावर गाढ होता. अपेक्षानं दोरी बांधून होडी पाण्यात सोडली. निळं शीड हळूच फुगलं, आणि क्षणभर भाग्यश्रीला वाटलं, आपणही त्या फळ्यांवर बसून कुठेतरी निघालोय, हातात काही काम नाही.

तेवढ्यात अपेक्षाच्या बोटातून दोरी निसटली.

“ओरडू नका,” भाग्यश्री पुटपुटली. “उठेल तो.”

मग अख्खी आळी चवड्यांवर होडीमागे धावू लागली. “पकड, पकड,” सगळे कुजबुजत होते. शांततेत फक्त पाण्याची झुळझुळ. बाळूने मान हलवली. ओठ काढला.

पुढे गोमा पाण्यात उभा होता. गिरणीमुळे त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून तो सगळ्या जगाशी मोठ्यानेच बोलायचा. होडी उचलून तो गरजला, “कुनाची गं ही होडी?”

सगळ्यांनी डोळे मिटले. बाळूने सुस्कारा टाकला, ओठ आत घेतला आणि पुन्हा झोपला.

भाग्यश्री जागीच थबकली. “त्याला गलबला लागतो, सोनुआजी. गप्प झालं की उठतो.”

“म्हंजे तुमी कवाबी ठोकलं असतं तरी चाललं असतं?”

“हो.”

सोनुबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या, “आन् आमी हा गोळा आता पावसाळ्यापातुर खायाचा.”

अपेक्षानं ओली होडी छातीशी धरली होती. “आई, मग ‘बाळू झोपला की’ नाय म्हणायचं आता,” ती म्हणाली. “आपण ठोकायला लागू. म्हंजे तो झोपेल.”