दोरीवरचा पुरावा

कोर्टात इतका मळका हत्ती न्यायचा कसा, म्हणून ठमीच्या आईने सकाळी उठल्याउठल्या तो कापडी हत्ती धुतला आणि कानाला चिमटे लावून दोरीवर टांगला. ठमी उठायच्या आत वाळेल, असा तिचा अंदाज होता. ठमी लगेच उठली आणि हत्ती दिसेना म्हणून तिने भोकाड पसरलं.

ठमी पोटात असताना आईने तो शिवला होता. कापताना चूक होऊन डावा कान उजव्याच्या दुप्पट झाला, आणि नेमका तोच कान बाळाला चघळायला सोयीचा ठरला. मग तसेच हत्ती शिवून ती विकू लागली. जरा जम बसतोय तोच एका खेळणी कंपनीने तिचा हत्ती चुकीच्या कानासकट उचलला. तिने दावा लावला. कंपनीचा वकील दर वेळी उभा राहून पुढची तारीख मागे. कधी त्याचा घसा बसलेला, कधी कागद आलेले नसत, एकदा तर चष्माच घरी राहिला. शेवटी न्यायाधीश कावले. आज पहिला हत्ती समोर आला नाही तर दावा फेटाळणार, आणि यापुढे कुणालाच तारीख नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

"अगं, तो कंपनीचा दे तिला," सासूबाई म्हणाल्या. "पुराव्यासाठी विकत आणलायस ना? तसाच तर आहे."

ठमीने कंपनीच्या हत्तीचा कान तोंडात घातला, क्षणभर विचार केला आणि हत्ती सासूबाईंच्या चष्म्यावर भिरकावला.

"झालं!" सासूबाई चष्मा शोधत म्हणाल्या. "घरचीच पोर कंपनीच्या बाजूने साक्ष देतेय."

ठमीच्या आईने घाईघाईने मावशीला फोन लावला. मावशी हीच तिची वकील.

"मावशी, आज पुढची तारीख माग ना!"

"काय? अगं, तारखा मागतो म्हणून त्या माणसाला मी भर कोर्टात धारेवर धरते! कारण काय सांगू?"

"पुरावा दोरीवर वाळतोय."

"तू पुरावा धुतलास?"

"फार मळला होता गं."

"कपाळ माझं! ओला तर ओला, घेऊन ये."

हत्ती दोरीवरून निघाला तो थेट ठमीच्या मिठीत गेला. मिठी सुटेना, म्हणून ठमीही कोर्टात आली. ती वरचा पंखा बघण्यात गुंगली तेवढ्यात मावशीने हत्ती अलगद काढून टेबलावर कंपनीच्या हत्तीशेजारी ठेवला. एव्हाना तो वरून वाळला होता. आतल्या कापसाचा विचार कुणी केला नव्हता.

कंपनीचा वकील उठला. "साहेब, या दोन हत्तींत काडीचं साम्य नाही. शेंबड्या पोरालासुद्धा फरक कळेल!"

न्यायाधीशांची नजर ठमीकडे वळली. मांडीवरच्या शेंबड्या पोराला फरक खरंच कळत होता! ठमीच्या आईने मावशीला चिमटा काढला. "तारीख माग, तारीख!"

"साहेब," मावशी चाचरत उठली, "बाळाची झोपेची वेळ झालीय, तेव्हा पुढची तारीख..."

"सक्त हरकत आहे!" वकील कडाडला. "हा निव्वळ वेळकाढूपणा आहे!"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. तो आणखीच चेवात आला आणि एक हत्ती उचलून त्याने उंच धरला. "हा बघा आमचा माल! काय तो कानाचा डौल! आणि भरीव किती! घरगुती कामाला याची सर येईल?" असं म्हणून त्याने हत्तीचं पोट दाबलं.

पाण्याची धार त्याच्या बाहीत शिरली. त्याच क्षणी दोन्ही हात पसरून ठमीने किंकाळी फोडली.

"वकीलसाहेब," न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "तुमचा माल गळतोय."

वकील कधी या हत्तीकडे पाही, कधी त्या.

"शेंबड्या पोराला फरक कळला, तुम्हाला नाही. आणि खेळणी पोरं विकत घेत नाहीत, मोठी माणसं घेतात."

वकिलाने घसा खाकरला. "साहेब, पुढची तारीख मिळाली तर..."

"नाही. हा पहिला हत्ती निकालापर्यंत कोर्टात जमा करा."

कारकुनाने हत्ती उचलायला हात पुढे केला, पण कान केव्हाच ठमीच्या तोंडात गेला होता. मावशी पुन्हा उठली. "साहेब, जमा करायला थोडी मुदत मिळावी."

"किती?"

मावशीने ठमीच्या आईकडे पाहिलं. आईने ठमीच्या तोंडाकडे.

"सगळे दात येईपर्यंत," आई हळूच म्हणाली.

न्यायाधीश वकिलाकडे वळले. "तुमची हरकत?"

वकील खाली मान घालून बाही पिळत होता.