माधव रावांचं नाकं

मंगळवारी माधव राव वारले. बुधवारी वॉचमनने फाटकाजवळची त्यांची खुर्ची जिन्याखाली नेऊन ठेवली.

चेन्नईत वेलचेरीच्या आमच्या इमारतीत पिशवी घेऊन शिरणाऱ्या प्रत्येकाला त्या खुर्चीतून हाक यायची, “थांबा! बिल असे की?” बिल वाचून ते मागे हिरव्या शाईने टिक करत आणि म्हणत, “सरी, ठीक असे, गाडी सोडा.” गाडी म्हणजे मी, हातात वांगी आणि कढीपत्ता. कढीपत्ता भाजीवालीने फुकट दिलेला, म्हणून त्याची वेगळी चौकशी.

माधव राव, आम्हा सगळ्यांचे काका, तंजावरकडचे मराठी. विक्रीकराच्या नाक्यावर लॉऱ्या तपासण्यात त्यांची हयात गेली. मग नवा कर आला आणि नाकी बंद झाली. काकू त्याआधीच गेल्या होत्या.

अमेरिकेतल्या मुलीने त्यांना तिथल्या एका राज्याची जुनी मतदार-पुस्तिका आणून दिली. राज्याचं कर खातं बंद करावं का, असा प्रश्न तिथे पूर्वी कधीतरी लोकांच्या मताला टाकला होता. काका ती पुस्तिका देवघरात ठेवत.

“अस्के लोकांना विचारलं, टीचरम्मा! सगळ्यांना! आमच्याकडे? एक कागद आला, आडवा बांबू काढला, झालं.”

“निकाल काय लागला, शोधून देऊ?”

त्यांनी दोन्ही कान झाकले. “नको! आधी आपलं मतदान होऊ दे.”

पोंगलला ते झालं. मुरुक्क्याच्या, म्हणजे चकल्यांच्या, डब्याला चीर पाडली. प्रश्न एकच: फाटकावरचं नाकं ठेवायचं की काढायचं? मला गंमत सुचली. चिठ्ठीवर लिहिलं, ‘काढा. कढीपत्ता तरी सुखाने आणता येईल.’ इमारतीत मराठी लिहिणारी मी एकटीच, हे चिठ्ठी डब्यात पडल्यावर लक्षात आलं.

बाकी सगळ्यांनी, तमिळमध्ये नाहीतर इंग्रजीत, ‘ठेवा’ लिहिलं होतं. माझी चिठ्ठी काकांनी अक्षराअक्षरावर बोट ठेवत वाचली. त्यांना देवनागरी सावकाशच वाचता येई. वाचून झाल्यावर वर न बघता म्हणाले, “अक्षर छान असे.”

दुसऱ्या दिवसापासून ते बाकी सगळ्यांना अडवत. मी आले की पेपर तोंडापुढे धरत. थट्टा होती काका, एवढंच सांगायचं होतं. रोज वाटायचं, उद्या सांगू.

काल वांगी आणली. बिल पर्समध्ये आहे. त्यावर टिक नाही.