पिशवीत गेलेलं पाकीट

गोळ्यांचं पाकीट कपाटात नव्हतं. सुचित्राने साड्यांच्या घड्या मोडल्या, पावडरचा डबा हलवून पाहिला आणि शेवटी दाढी करत बसलेल्या नवऱ्याला विचारलं, "अहो, माझ्या गोळ्या पाहिल्यात का?"

"वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय लाव," नंदकिशोर आरशातल्या स्वतःला उद्देशून म्हणाला. "नियमितपणा हाच कुटुंबनियोजनाचा पाया आहे."

हे वाक्य त्याच्या भाषणातलं होतं. नंदकिशोर कुटुंबकल्याण खात्यात प्रचारक होता. नेरूळच्या नव्या इमारतींमधून सायकल काढून खाडीकाठच्या गावांत जायचं, देवळापुढे तक्ते टांगायचे आणि बायकांना गोळीचं महत्त्व समजावून सांगायचं, हे त्याचं काम. शहाऐंशी सालचं उत्कृष्ट प्रचारकाचं प्रमाणपत्र त्यालाच मिळणार, असं तो स्वतः ऑफिसात सगळ्यांना सांगत असे.

"मग निदान नवीन पाकीट तरी आणा," सुचित्रा म्हणाली.

"आणतो," म्हणून तो गेला आणि विसरला. दुसऱ्या दिवशीही विसरला. चौथ्या दिवशी त्याच्या पिशवीतला खाडीच्या पाण्याने भिजलेला तक्ता वाळत घालायला काढताना सुचित्राला आपलं पाकीट सापडलं. ऑफिसातले नमुने संपले म्हणून सोमवारी सकाळी त्यानेच ते कपाटातून उचललं होतं.

सुचित्राने आवाज चढवला नाही. ते जास्त वाईट होतं.

"चार गोळ्या चुकल्या. आता काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?"

"तुम्ही बायकांना सांगता ना? मला पण सांगा."

नंदकिशोरने खात्याची पुस्तिका उघडली. त्यात 'गोळी न विसरता घ्यावी' असं ठळक अक्षरांत होतं. विसरली तर काय, ते कुठेच नव्हतं. सात वर्षांत त्याला तसं कोणी विचारलंही नव्हतं. त्याने कोणाला विचारायची संधीच दिली नव्हती, भाषण संपलं की तो सायकलवर बसे.

"दोन-दोन घे दोन दिवस," त्याने ठोकून दिलं. "हिशेब जुळेल."

"हे काय रेशन आहे?" सुचित्रा म्हणाली, पण दुसरं कोण सांगणार, म्हणून तिने घेतल्या. पांढऱ्या गोळ्या संपल्या, शेवटच्या लोहाच्या सात तपकिरी गोळ्याही संपल्या, पण पाळी काही आली नाही.

सहा वर्षं घरी काढल्यावर सुचित्राला नव्या शाळेत नोकरी लागली होती आणि जूनमध्ये ती कायम होणार होती. दोन मुलं शाळेत जाऊ लागली होती. ती रोज सकाळी कॅलेंडरकडे बघायची आणि मग नवऱ्याकडे. नंदकिशोरला कॅलेंडरची भीती वाटू लागली.

"तुमच्या खात्याच्या केंद्रात जाऊन तपासून घेऊ," ती म्हणाली.

"वेड लागलंय? डॉक्टर जयमाला माझ्या साहेब आहेत! प्रचारकाच्याच घरात तिसरं, म्हटल्यावर माझं काय राहील?"

"तुमचं?" सुचित्राने विचारलं.

शेवटी वाशीच्या एका खाजगी लॅबमध्ये खोट्या नावाने तपासणी करायचं ठरलं. सकाळची पहिली लघवी बाटलीत घेऊन नंदकिशोर बसने गेला. काउंटरवरच्या माणसाने बाटलीचा वास घेतला.

"यात आधी काय होतं?"

"खोकल्याचं औषध. पण मी विसळली."

"साबणाने?"

"चांगली घासून!"

"मग काय टेस्ट करू, साबण का खोकला? उद्या स्वच्छ बाटली आणा."

नंदकिशोरने ऑफिसातून नवी बाटली आणली, दुसऱ्या दिवशी सकाळी भरून घेतली, पिशवीत ठेवली आणि लॅब उघडेपर्यंत वाटेतल्या गावातली सभा उरकून घ्यावी असं ठरवलं. बायका जमल्या. तक्ता टांगला. नियमितपणाच्या पायापर्यंत भाषण आलं आणि गोळ्यांचं पाकीट दाखवायला त्याने पिशवीत हात घालून वर काढली ती बाटली.

"यो कसला औषिद हाय?" पुढे बसलेल्या शेवंताबाईंनी विचारलं. त्या गावच्या सुईण होत्या.

"हा... नमुना आहे."

"कुनाचा नमुना?"

बायका खिदळल्या. नंदकिशोरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शेवंताबाईंनी त्याला हाताला धरून देवळामागे नेलं.

"घरच्या बाईनं गोली इसरली का?"

"चार," तो पुटपुटला. "म्हणजे तिने नाही. मी."

शेवंताबाई एखाद्या डॉक्टरीणबाईसारख्या सगळं विचारू लागल्या. पाकिटातल्या कुठल्या गोळ्या राहिल्या, पहिल्या का मधल्या? मधल्या. परत चालू केल्यावर सात दिवस निरोध वापरला का? नाही.

"आनि त्या आठवड्यात तुमी घरीच होता, का गावोगाव?"

"घरीच," नंदकिशोर जमिनीकडे पाहत म्हणाला.

"मंग धोका हाय. पोट राहिलाच असंल असा नाय, पन धोका हाय. यक गोली राहिली तर आठवन आल्याबरोबर घ्यायची. जास्ती राहिल्या तर यक घ्यायची, बाकीचं पाकीट रोजच्यासारखं चालू ठेवायचं, आनि सात दिस सांभाळून राह्यचं. आता तपासून घ्या. तपासनीत नाय आलं तरी आठ दिसानं परत तपासा, लवकर केलं तर दिसत नाय."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"डॉक्टर जयमालांनी. तुमी गेल्यावर त्या येतात ना. तुमच्या भाषनानं आमाला प्रश्न पडतात, म्हनून."

त्या दिवशी नंदकिशोर वाशीला गेलाच नाही. तो घरी परतला आणि सुचित्राला घेऊन सरळ केंद्रात गेला. डॉक्टर जयमालांनी तपासणी केली. नाही. आठ दिवसांनी पुन्हा केली. नाही. आणि त्याच संध्याकाळी पाळी आली. सुचित्रा मोरीतून बाहेर आली ती इतकी हसत, की मुलांनी विचारलं, "आई, लॉटरी लागली?"

दुसऱ्या दिवशी ती पुढचं पाकीट घ्यायला केंद्रात गेली. नंदकिशोर सोबत होता.

"आता मूल नकोच ना?" डॉक्टरांनी विचारलं. "मग रोजची ही धास्ती कशाला? पुरुषांची शस्त्रक्रिया दहा-पंधरा मिनिटांची असते. नंदकिशोर, यंदा किती पुरुष तयार केलेत?"

"एकही नाही, मॅडम. ते म्हणतात, बायकोचं करा."

"लिहा यांचं नाव," सुचित्रा म्हणाली.

"मला सायकल चालवावी लागते!"

"आठवड्यात चालवाल," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. सही करताना त्याचं पेन दोनदा अडलं. दोन्ही वेळा सुचित्राने ते झटकून परत दिलं.

महिन्याभराने तो पुन्हा त्याच देवळापुढे उभा राहिला. या वेळी त्याने बाप्यांनाही बोलावलं होतं. ते मागे पिंपळाखाली, लांबच बसले होते. त्याने आपल्या शस्त्रक्रियेचं सगळं सांगितलं, अगदी तीन महिन्यांनी तपासणी होईपर्यंत सांभाळून राहायचं तेही.

"दुखतं का, भाऊ?" शेवंताबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

नंदकिशोरने पिंपळाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "फार नाही. पण सुई दिसल्याबरोबर मी ओरडलो. अजून टोचलीही नव्हती."

बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. पिंपळाखालचे बापे मात्र एकेक करून उठले आणि भरती कुठवर आली ते बघायला खाडीकडे निघून गेले.