शेवटचा सेल्फ

१९ जानेवारी, रविवार. पहाटेपासून दाट धुके. नदीकडून थंड वारा.

आज सकाळी आमच्या गाडीच्या सेल्फने, म्हणजे स्टार्टरने, कळवले की त्याच्याकडे आता एकच स्टार्ट शिल्लक आहे.

मी बॉनेट पुसत होतो. आवाज बॅटरीच्या खालून आला, खोल पण स्पष्ट. मी फडके बाजूला ठेवून इकबालभाई मुजावर यांना बोलावले. कराडात गाड्यांच्या वायरिंगचे काम तेच पाहतात. त्यांनी बॉनेटला कान लावला आणि डोक्यावरची टोपी सारखी केली.

"खरं बोलतोय, साहेब. एकच."

"पण तेराच वर्षं झालीत."

"त्याला वर्षं कळत नाहीत, किल्ली कळते. कुणाचा आठ वर्षांत जातो, कुणाचा वीस काढतो. तुम्ही पडलात सिग्नलला बंद करणारे."

"पेट्रोल वाचवायचं ना," माझी पत्नी सुनीती आतून म्हणाली. "चौकातून घरी येईपर्यंत तीनदा बंद, तीनदा चालू. जीव काढला बिचाऱ्याचा."

आजच नवा बसवा, असे मी सुचवले. इकबालभाईंनी रीत सांगितली. शेवटचा स्टार्ट द्यायचा, फेरी मारून गाडी दारात आणायची, इंजिन बंद झाले की मगच पाना लावायचा. आणि शेवटची फेरी ज्या हाताने पुरी केली, नवा सेल्फ त्याच हाताला लागतो. दुसऱ्या कुणाच्या हाताला नाही.

"ठीक आहे," म्हणत मी खिशातून किल्ली काढली.

"तुम्ही नको," सेल्फ म्हणाला.

"कारण?"

"आजवर प्रत्येक वेळी तुम्हीच होता. हा वहिनींना द्यायचाय."

सुनीती पायरीवर आली. तिला लायसन्स मिळून सहा वर्षे झाली. पण गाडी अजून तिच्या हाती आलेली नाही.

"हे नियमात बसतं का?" मी विचारले.

"त्याचा स्टार्ट, त्याची मर्जी," इकबालभाई म्हणाले. "पण वहिनी, मध्ये बंद पडली तर फेरी पुरी धरत नाहीत हं. मग गाडी परत साहेबांचीच."

"रस्त्यावर गर्दी असते," मी म्हणालो.

"सहा वर्षं तीच गर्दी आहे का हो?" तिने हात पुढे केला. मी किल्ली दिली.

गल्लीत बातमी गेली होती. लोकांनी आपापल्या स्कूटर बंद केल्या. शेजारचे डुबलमामा चपला काढून भिंतीशी उभे राहिले. मी पहिल्यांदाच डाव्या सीटवर बसलो.

सुनीतीने किल्ली फिरवली. गाडी हाफ सेल्फला उचलली. तो आवाज गाडीतला वाटत नव्हता, जमिनीतून वर येत होता. त्यात मला तेरा वर्षांतल्या सगळ्या सकाळी एकदम ऐकू आल्या: मुलीच्या परीक्षेची, आईला दवाखान्यात नेले ती, पावसात कुणाला तरी स्टँडवर सोडले ती. बॉनेटवरचे धुके मागे सरले आणि काचेबाहेर गल्ली स्वच्छ दिसू लागली. डुबलमामांनी हात जोडले होते.

पहिल्याच वळणावर गाडीने गचका खाल्ला. सुनीतीने क्लच दाबला. इंजिन खोकले, पण राहिले. चौकात सिग्नल लाल होता. सवयीने माझा हात किल्लीकडे गेला.

"हात!" ती म्हणाली.

मी हात मांडीवर ठेवला. हिरवा होईपर्यंत इंजिन चालूच होते. तेरा वर्षांत त्या सिग्नलला मी ते प्रथमच ऐकले. तिथून आम्ही संगमापर्यंत गेलो. पाण्यावर ऊन आले होते. येताना ती थोडी वेगात चालवत होती.

इकबालभाई पाना घेऊन पायरीवर थांबले होते.

"करा बंद, वहिनी."

"राहू दे," ती म्हणाली. "ऐकू दे सेल्फला थोडं."

आमच्या गाडीची किल्ली झिजली आहे, ती इंजिन चालू असतानाही बाहेर निघते. सुनीतीने ती काढली, पर्समध्ये टाकली आणि चहा ठेवायला आत गेली.

इकबालभाई दोन कप चहा पिऊन घरी गेले. आता संध्याकाळ झाली आहे. पर्स कपाटात आहे. गाडी दारात उभी असून इंजिन चालू आहे.