मागच्या सीटवरचा वास

माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा आणि माझा फारसा घरोबा नाही. शब्दही साधेच आहेत. चुकलंमाकलं पोटात घाला. गोष्ट आमच्या दाजींची आहे. (गाडीत मीही होतो, पण माझं कोण ऐकतं?)

गाडीत दाजींना पहिल्यांदा वास आला, तेव्हा मागे माझ्याशेजारी बाबा, म्हणजे दाजींचे सासरे, बसले होते. वास नासक्या अंड्याचा. बाबा रोज सकाळी उकडलेली अंडी खातात. सासऱ्यांना काय बोलायचं, म्हणून दाजींनी गुपचूप काच खाली केली.

घरी आल्यावर ते ताईला म्हणाले, “बाबांची अंडी जरा बंद करून बघ.”

ताईने अंडी बंद केली. बाबा एवढंसं तोंड करून दूध-पाव खाऊ लागले. वास काही जाईना. चढावर गाडी धापा टाकू लागली. (दाजींच्या मते बाबांच्या वजनाने.) डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवाही लागला, पण दाजींचं सगळं लक्ष मागच्या सीटवर.

एकदा सिग्नलला थांबलो असताना दाजींचा धीर सुटला. “बाबा, बाहेर चोरून अंडी खाता का हो?”

बाबा दार उघडून उतरले आणि चालत घरी गेले. आम्ही गर्दीतून वाट काढत पोचेपर्यंत त्यांची बॅग भरून झाली होती.

“ते गेले तर मीही निघाले,” ताई म्हणाली.

दाजी तसेच मागे फिरले आणि निदान सीट तरी धुऊन घ्यावी म्हणून सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या मेकॅनिकने सायलेन्सरशी वाकून वास घेतला, यंत्र जोडलं, पाइप किती तापतोय ते मोजलं.

“सीट कशाला धुता? कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय. धूर साफ करणारा डबा. तो बिघडला की असाच वास येतो, गाडीही ओढत नाही.”

“पण माझी वॉरंटी संपली हो.”

“गाडीची संपली. धुराच्या भागांची वेगळी असते, ती चालू आहे. बाहेर कुणाकडून उघडला नाही ना? मग नवा फुकट बसेल.”

“त्यात सासऱ्यांचा राग बसतो का?”

“तो तुमचा तुम्हीच घालवायचा.”

गाडी तिथेच ठेवून दाजी घरी आले आणि हात जोडून बाबांसमोर उभे राहिले. “चुकलो. वास गाडीचा होता.”

बाबांनी बॅगेची चेन उघडली आणि सदरे बाहेर काढायला लागले. “असं होय! मला वाटायचं, तुमचाच आहे. जावयाला कसं बोलायचं? म्हणून तर मी पुढची सीट सोडून मागे बसायला लागलो.”

दाजींनी ताईकडे पाहिलं. ताईने माझ्याकडे. मी खिडकीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी स्वतः अंडी उकडली, सोलली, बाबांना वाढली आणि एक आपल्याकडे ओढलं. ताईने ते उचलून माझ्या ताटलीत ठेवलं.

“नवा डबा बसू दे, वास गेल्याची खात्री होऊ दे,” ती म्हणाली. “तोवर दूध-पाव खा.”

दाजींनी मुकाट्याने पाव दुधात बुडवला.